मुंबईच्या हवेत कोकम तेल: टाचा, ओठ, चेहरा आणि मेकअपसाठी कसं वापरावं

दादर, गिरगाव किंवा लालबागच्या कोकणी मालाच्या दुकानात गेलात तर आमसुलं, कुळथाचं पीठ आणि फणसपोळीच्या शेजारी एखाद्या पिशवीत फिकट पिवळसर, टणक गोळे दिसतात. कोणी त्याला कोकम तेल म्हणतं, कोणी भिरंडेल, कोणी मुठेल. नावात तेल असलं तरी मुंबईच्या हवेत ते घट्टच असतं. हाच पदार्थ महागड्या लिपबामच्या वेष्टनावर 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' किंवा 'कोकम बटर' म्हणून छापलेला असतो. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टाचांना लावला गेलेला हा स्निग्ध पदार्थ आता चेहऱ्याच्या क्रीमपासून लिपस्टिकपर्यंत सगळीकडे पोचलाय, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण लोक तो ज्या पद्धतीने वापरतात ते पाहून हा लेख लिहावासा वाटला. कोणी कोरडा गोळाच गालावर घासतं, कोणी पळीत कढवून गरम गरम भेगांत ओततं, तर कोणी 'नैसर्गिक आहे ना' म्हणत मे महिन्यात चेहऱ्यावर थापून लोकल पकडतं.

कोकम तेल कसं वापरायचं हे त्याच्या वितळण्याच्या तापमानावर ठरतं. तेवढं लक्षात घेतलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात.

आधी पदार्थ समजून घ्या

रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल आमसुलांना जाते, रस मीठ घालून आगळाला जातो आणि उरतात बिया. त्या वाळवून फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, वर तरंगलेला स्निग्धांश थंड होऊ द्यायचा आणि घट्ट झाला की काढून हातानेच वळायचा, ही जुनी घरगुती पद्धत. बियांच्या वजनाच्या साधारण चौथा भाग स्निग्धांश असतो. आता यंत्रावर गाळलेलं आणि शुद्ध केलेलं पांढरं कोकम बटरही मिळतं.

या स्निग्धांशात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं आणि उरलेल्यातलं बहुतेक ओलेइक. स्टिअरिकमुळे ते टणक आणि ठिसूळ होतं, लवकर खवटही होत नाही. ते साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअसला वितळतं. शेजारी बाकीचे आकडे ठेवून बघा: खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं, कोको बटर ३४ च्या आसपास, मुंबईचा मे महिना ३३-३४ वर जातो आणि आपल्या त्वचेचा पृष्ठभागही साधारण ३२ ते ३४ अंशांवर असतो. म्हणजे खोबरेल आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने पातळच असतं, कोको बटर उन्हाळ्यात पर्समध्ये मऊ पडतं, पण कोकम तेल ना पर्समध्ये वितळतं ना त्वचेवर पटकन. तळहातावर जोर लावून चोळलं तरच ते हळूहळू सैल होतं.

त्याची रचना कोको बटरला इतकी जवळची आहे की युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत चालतील अशा ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांची यादी केली, त्यात आपलं कोकमही आहे. सौंदर्यप्रसाधनं बनवणारे ते घेतात त्यालाही हेच कारण. लिपस्टिकच्या कांडीला किंवा बामला मेणाचा चिकटपणा न वाढवता टणकपणा हवा असेल तर कोकम बटर उपयोगी पडतं.

आता त्वचेचं बघू. सर्वांत वरच्या थरातल्या मृत पेशींच्या मध्ये नैसर्गिक स्निग्धांश असतो. साबण, एसी आणि कोरडी हवा यांनी तो कमी झाला की पेशींच्या कडा उचलल्या जातात, त्वचा खरखरीत लागते आणि आतलं पाणी जास्त उडून जातं. एमोलिएंट म्हणजे त्या फटी भरून पृष्ठभाग गुळगुळीत करणारा पदार्थ. कोकम तेल हे काम करतं, शिवाय वरून पातळ आवरण धरून पाणी उडणंही कमी करतं. पण ते स्वतः पाणी आणून देत नाही. ते काम ग्लिसरीनसारख्या घटकांचं. म्हणून अगदी कोरड्या त्वचेवर कोरडंच कोकम तेल फासलं तर फायदा अर्धाच होतो. अंघोळ झाल्यावर टॉवेलने टिपून, त्वचा ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत लावायचं.

जाहिरातींमधले दोन दावे मात्र सरळ सोडून द्या. एक म्हणजे कोकम बटरमध्ये क जीवनसत्त्व भरपूर असतं. ते पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, बियांच्या स्निग्धांशात त्याचा भरवसा धरण्यात अर्थ नाही. दुसरा म्हणजे ते उन्हापासून संरक्षण देतं. सनस्क्रीनच्या जागी कोणतंही बटर किंवा तेल चालत नाही.

खरेदी करताना

गोळा घ्यायचा की शुद्ध केलेलं बटर, हे कशासाठी हवं त्यावर ठरवा. टाचा, कोपर, गुडघे यांना कोकणी दुकानातला गोळा उत्तम. त्याला किंचित मातकट वास असतो, रंग राखाडी किंवा पिवळट असतो आणि कधी बारीक कण असतात. ओठ, चेहरा किंवा मेकअपखाली वापरायचं असेल तर शुद्ध केलेलं, वास नसलेलं घ्या. ते प्रिन्सेस स्ट्रीट परिसरात सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल ठेवणाऱ्यांकडे विचारलं तर मिळतं, ऑनलाइनही मिळतं. बॅच क्रमांक आणि तारीख नसलेलं पाकीट घेऊ नका. पहिल्यांदा शंभर ग्रॅम पुरे.

दुकानातच दोन गोष्टी पाहता येतात. गोळ्याच्या कडेला नखाने दाबा. चांगलं कोकम तेल ठिसूळपणे तुटतं, कपची निघते. बोट दाबल्यावर खळगा पडला आणि बोटाला मऊ तूप लागल्यासारखं वाटलं, तर त्यात वनस्पती तूप किंवा दुसरं काही मिसळलेलं असू शकतं. मग नाकाजवळ धरा. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर ठेवून द्या, कितीही स्वस्त असलं तरी.

घरी आल्यावर तिसरी परीक्षा. गरम आणि नळाचं पाणी मिसळून ४५ अंशांचं पाणी करा (स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर चालतो). त्यात छोटी स्टीलची वाटी तरंगत ठेवा आणि वाटीत तुकडा टाका. पाणी निवायला लागलं तर थोडं गरम पाणी घाला. पंधरा-वीस मिनिटांत तुकडा वितळून स्वच्छ, पारदर्शक, पिवळसर तेल झालं पाहिजे. पांढरट न वितळणारा भाग मागे राहिला तर पॅराफिन मेणाचा संशय घ्या, कारण ते याहून जास्त तापमानाला वितळतं. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण उघड भेसळ पकडायला पुरेशी आहे.

त्वचेवर आधी चाचणी

कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ लावा आणि आठवडाभर तीच जागा पाहत राहा. खाज, लाली, पुरळ काही नसेल तर पुढे जा. चेहऱ्यावर वापरायचं असेल तर त्यानंतर जबड्याच्या कडेला एकाच बाजूला दोन-तीन आठवडे लावून बघा. छिद्रं बुजल्यामुळे येणारे बारीक दाणे चार दिवसांत दिसत नाहीत, त्यांना वेळ लागतो.

इंटरनेटवर शून्य ते पाच असे 'मुरुमं आणण्याचे' गुण दिलेले तक्ते फिरतात. त्यांचा उगम बराचसा सशाच्या कानावर केलेल्या जुन्या चाचण्यांत आहे. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा खूप संवेदनशील, आणि तिथे शुद्ध पदार्थ तपासलेला असतो, तुमच्या डबीतलं मिश्रण नव्हे. म्हणून तक्त्यातल्या कमी गुणावर विसंबून तेलकट चेहऱ्यावर लावू नका. स्वतःची चाचणी जास्त खरी.

टाचांचा बाम

कोकम तेलाची खरी हुकमत टाचांवर. नुसता गोळा चोळायला जड जातो आणि भेगेच्या कडांना ओढतो, म्हणून त्यात पातळ तेल आणि थोडं मेण घालायचं. पन्नास ग्रॅमसाठी:

कोकम तेल २० ग्रॅम
तिळाचं तेल २५ ग्रॅम
मधमाशीचं मेण ५ ग्रॅम

चमच्याने मोजू नका, छोट्या डिजिटल काट्यावर वजन करा. मेणाचे दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी बामचा पोत बदलतो.

भांडी, चमचा, डबी सगळं धुऊन पूर्ण कोरडं करून घ्या. टोपात दोन बोटं पाणी उकळायला ठेवा, मग आच मंद करा आणि त्यात स्टीलची जाड वाटी ठेवा. आधी मेण आणि तिळाचं तेल. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, घाई नको. ते पूर्ण विरघळलं की कोकम तेलाचे बारीक तुकडे टाका. शेवटचा तुकडा वितळला की लगेच वाटी सांडशीने बाहेर काढा आणि तिची खालची बाजू कोरड्या फडक्याने पुसा. हे पुसणं विसरू नका. ओतताना वाटीच्या बुडाला लोंबणारा पाण्याचा थेंब थेट डबीत पडतो, आणि बाम बिघडायला तो एक थेंब पुरतो. याच कारणाने वितळवताना वाटीवर झाकणही ठेवायचं नाही, वाफेचे थेंब आत गळतात.

ओतून झालं की दहा मिनिटं बाहेर ठेवा, मग फ्रिजमध्ये अर्धा तास. सावकाश थंड झालं तर स्टिअरिकचे स्फटिक मोठे होतात आणि बाम रवाळ लागतो. तसं झालं तर पुन्हा वितळवून लवकर थंड करा, माल वाया जात नाही.

लावायचं रात्री. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून, टिपून, वाटाण्याएवढा बाम प्रत्येक टाचेला चोळा आणि सुती मोजे घाला. मोजे अशासाठी की बाम चादरीला लागत नाही. बोटांच्या बेचक्यात लावू नका. तिथे आधीच ओल साठते आणि पावसाळ्यात चिखल्या होतात.

भेगा कोकम तेल कढत ओतून 'भरण्याची' जुनी रीत बंद करा. भाजण्याचा धोका खरा आहे, आणि फायदा कोमट बामापेक्षा जास्त नाही. भेगेतून रक्त येत असेल, पू दिसत असेल, किंवा घरातल्या मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाचा प्रश्न असेल तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि लहान भेगही हाताबाहेर जाते.

ओठांसाठी

मुंबईत ओठ फुटतात ते डिसेंबर-जानेवारीत, जमिनीकडून कोरडे वारे येतात तेव्हा. आणि दिवसभर एसीत बसणाऱ्यांचे बारा महिने. तीस ग्रॅमचं प्रमाण:

शुद्ध केलेलं कोकम बटर ९ ग्रॅम
मधमाशीचं मेण ६ ग्रॅम
बदाम तेल ९ ग्रॅम
एरंडेल ६ ग्रॅम

कृती वरचीच. एरंडेलाने किंचित चमक येते आणि बाम ओठांवर टिकून राहतो. कोणाला एरंडेलाने ओठांना खाज येत असेल तर ते वगळून सगळं बदाम तेलच घ्या. लिंबू किंवा दालचिनीचं सुगंधी तेल घालू नका. दाबून काढलेलं लिंबाचं तेल उन्हात त्वचेला त्रास देऊ शकतं आणि दालचिनी ओठ झोंबवते. वास हवाच असेल तर वास नसलेल्या बामची सवय लावा, असंच मी सांगेन.

पुष्कळजण यात औषधाच्या दुकानातली ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडतात. त्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा टोकोफेरिल अ‍ॅसिटेट, म्हणजे ई जीवनसत्त्वाचं बांधलेलं रूप असतं, आणि ते डबीतल्या तेलाला खवट होण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी मोकळं, मिश्र टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाचं न बांधलेलं रूप) लागतं, एकूण वजनाच्या अर्धा टक्का. मिळालं तर घाला, नाही मिळालं तरी कोकमाचं फारसं अडत नाही. मात्र बदाम तेल ताजं घ्या, कारण खवट होण्याची सुरुवात पातळ तेलापासून होते.

लिपस्टिकखाली लावायचं असेल तर दहा मिनिटं आधी अगदी पातळ थर द्या आणि लिपस्टिक लावण्यापूर्वी टिश्यूने टिपून घ्या. न टिपता वर मॅट लिपस्टिक लावली तर ती सरकते. न पुसली जाणारी म्हणून विकत घेतलेली लिपस्टिकसुद्धा स्निग्धांशापुढे टिकत नाही.

चेहरा, मेकअप आणि तो काढणं

इथे माझं मत स्पष्ट आहे. मार्च ते ऑक्टोबर या काळात मुंबईत ज्यांची त्वचा तेलकट किंवा मिश्र आहे, त्यांनी पूर्ण चेहऱ्यावर कोकम तेल लावू नये. दमट हवेत घाम उडत नाही, त्यावर जड थर बसला की चिकचिक वाढते आणि घामोळं किंवा मुरुमं असलेल्यांना त्रास होतो. कपाळ आणि छातीवर एकसारखे, खाजणारे बारीक दाणे पावसाळ्यात येत असतील तर तो बुरशीमुळे होणारा प्रकार असू शकतो. त्यावर कुठलंही तेल न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

कोरड्या त्वचेच्या माणसांनी थंडीत रात्री वापरायला हरकत नाही. एक भाग कोकम बटर आणि चार भाग बदाम तेल असं मऊ मलम करा, मेणाची गरज नाही. आधी ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझर, मग तांदळाच्या दाण्याएवढं मलम तळहातांत पसरवून फक्त गालांवर आणि तोंडाच्या कडेला हलकेच दाबायचं. सकाळी सनस्क्रीनखाली ते नको. आणि सनस्क्रीनमध्ये मिसळून तर कधीच नाही, कारण त्याचा एकसारखा थर मोडतो आणि संरक्षण किती उरलं ते कळायला मार्ग नसतो.

लग्नसराईत फाउंडेशन नाकाच्या कडेला किंवा गालावर पापुद्रे धरतं तेव्हा मात्र हे मलम फार उपयोगी. मोहरीएवढं बोटांत चोळून पापुद्र्यांवर दाबा, पाच मिनिटं थांबा, टिपा आणि मग फाउंडेशन. त्या जागी सिलिकोनचा प्राइमर घासू नका, दोन्ही मिळून मळासारख्या गोळ्या होतात.

मेकअप काढायलाही तेच मलम चालतं. काजळ, वॉटरप्रूफ मस्कारा, मॅट लिपस्टिक यांत मेण आणि तेलकट घटक असतात, ते पाण्याने निघत नाहीत, स्निग्ध पदार्थात विरघळतात. कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हातांनी मिनिटभर हलकं चोळा, डोळे मिटून, कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून. मग कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ सुती कापडाने पुसा आणि शेवटी नेहमीचा फेसवॉश. फेसवॉश टाळू नका. दुकानातल्या क्लीन्सिंग बाममध्ये पाण्यात मिसळवणारा घटक असतो, आपल्या मलमात तो नाही, म्हणून नुसत्या पाण्याने थर तसाच राहतो.

तयार माल घेताना वेष्टन वाचा

समोर मोठ्या अक्षरांत 'कोकम बटर' लिहिलेलं असतं, पण मागची यादी खरी. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटक जास्त प्रमाणापासून कमीकडे लिहावे लागतात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने चालतात. फिनॉक्सीइथेनॉल हे संरक्षक सहसा जास्तीत जास्त एक टक्का घातलेलं असतं. कोकमाचं नाव त्याच्यानंतर आलं तर प्रमाण एक टक्क्याच्या आतच आहे, हे धरून चाला. अशा क्रीममध्ये काम दुसरेच घटक करत असतात. क्रीम वाईट ठरत नाही, पण कोकमासाठी जास्त पैसे देऊ नका. बाम आणि लिपस्टिकमध्ये कोकमाचं नाव पहिल्या पाचात असेल तर त्याला अर्थ आहे.

साठवण

वरच्या सगळ्या कृतींत पाणी नाही, म्हणून संरक्षक रसायनाची गरज पडत नाही. यात हौसेने कोरफडीचा गर किंवा गुलाबपाणी घातलंत तर बुरशी आणि जिवाणूंना वाट मिळते, मुंबईच्या पावसाळ्यात तर फार लवकर. पाणी असलेलं क्रीम घरी करूच नका, ते विकतचं घ्या.

डबी बाथरूममध्ये न ठेवता कपाटात ठेवा आणि ओलं बोट आत घालू नका. झाकणावर केल्याची तारीख लिहा. लिपबाम सहा महिन्यांत, टाचांचा बाम वर्षाच्या आत संपवा. कोकम तेलाचा न वितळवलेला गोळा हवाबंद डब्यात, उन्हापासून दूर, वर्षभर सहज टिकतो. खवट वास आला की मात्र तारीख न बघता टाकून द्या.